झेनोबियाबाई सहजासहजी 'तू' म्हणत नसत

हल्लीची पोरं मला विचारतात, "ब्रोन्याबाई, त्या काळात तुम्ही काय करत होता?" मी सांगते, कोट टांगत होते. हसतात मेली. हसा! पोलंडातल्या लुब्लिनच्या संस्कृती भवनात निम्मं आयुष्य मी लोकांचे कोट घेतले आणि परत दिले. ज्याच्या कोटाला अडकवायची नाडी नसेल त्याला दारातूनच माघारी धाडलं, मग तो प्राध्यापक असो नाहीतर कम्युनिस्ट पक्षाचा मोठा माणूस. नाडी शिवून आणा आणि मग सिनेमा बघा. लोक मला घाबरायचे आणि ते मला आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू?

पण सांगायचंय ते माझं नाही, झेनोबियाबाईंचं.

दर गुरुवारी संध्याकाळी भवनात सिनेमा क्लब भरायचा. जुने अमेरिकन सिनेमे, काळेपांढरे. टोप्या घातलेले पुरुष, ओले रस्ते, आणि एक देखणी बाई जी पहिल्या रिळापासून खोटं बोलत असते. नंतर इंग्रजांचे हेरांचे सिनेमे यायला लागले. त्यात बाईच्या जागी अख्खं सरकार खोटं बोलायचं, एवढाच फरक. या सिनेमांना आमच्या भाषेतल्या ओळी नसायच्या. म्हणून हॉलच्या मागे एक टेबल, त्यावर छोटा दिवा आणि माईक, आणि तिथं झेनोबियाबाई. पडद्यावर कुणीही बोलो, नायक, खुनी, पोलीस, नाचणारी, सगळ्यांचं बोलणं आमच्या भाषेत बाईच सांगायच्या, एकाच आवाजात. आवाज कसा, तर इस्त्री केलेल्या चादरीसारखा सपाट. पण पाच मिनिटांत तुम्ही विसरायचात की बाई बोलतायत. तो टोपीवाला पोलिशच बोलतोय असं वाटायचं.

आता यात एक मोठी गोम होती. इंग्रजांना देवानं समोरच्यासाठी एकच शब्द दिलाय. राणीलाही तोच आणि कुत्र्यालाही तोच. आमचं तसं नाही. आमच्याकडे परक्याला 'अहो'. शेजाऱ्यालाही 'अहो'. एका कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर म्हातारी झालेली माणसंही 'अहो'च. 'तू' म्हणायचं तर आधी रीतसर विचारावं लागतं. जो वयानं मोठा त्यानं विचारायचं, आणि बाई असेल तर बाईनं. मग दोघांनी कोपरात कोपर अडकवून दारूचा एकेक पेला प्यायचा, गालाला गाल लावायचा, आपापलं नाव सांगायचं, आणि तिथून पुढं 'तू'. एकदा 'तू' झालं की परत 'अहो' नाही. भांडलात, कोर्टात गेलात, तरी 'तू'च.

म्हणजे पडद्यावरचा माणूस त्या बाईला 'अहो' म्हणतोय की 'तू', हे कोण ठरवणार? झेनोबियाबाई ठरवणार. आणि बाई महाकडक. दुसरा कुणी असता तर पहिल्या मुक्याला 'तू'वर आला असता. बाई नाही. तो टोपीवाला त्या बाईला कवटाळून उभा असायचा आणि झेनोबियाबाई शांतपणे म्हणायच्या, "अहो, तुम्ही फार सुंदर आहात." हॉल खो खो हसायचा.

एकदा गळ्यात लांब मफलर गुंडाळलेला एक विद्यार्थी माझ्यासमोरच त्यांच्याशी भांडला. म्हणाला, "बाई, मुका घेतला त्यांनी! आता तरी तू म्हणू द्या त्याला!"

बाई म्हणाल्या, "मुका घेतला म्हणून काय ओळख झाली? ट्रॉलीबसमध्ये धक्का लागतो म्हणून कुणी नात्याचं होतं का?"

"मग कधी म्हणणार?"

"एकानं दुसऱ्यासाठी काहीतरी गमावलं, की म्हणेन. फुकटात नाही."

आणि तसंच करायच्या. एखाद्या सिनेमात शेवटी पोलीस येतात, तो माणूस तिचा गुन्हा आपल्या अंगावर घेतो आणि तिला मागच्या दारानं काढून देतो. तिथं पहिल्यांदा बाई म्हणायच्या, "तू जा. मी बघतो इथलं." त्या एका 'तू'ला अख्ख्या हॉलचा श्वास अडकायचा. मी दारात उभी राहून ऐकायची आणि माझ्याही अंगावर काटा यायचा. मफलरवाल्याची तक्रार मात्र खरी होती. बाईंनी सिनेमा आधी बघितलेला असायचा, त्यामुळे जी शेवटी दगा देणार तिला त्या कधीच 'तू' म्हणू देत नसत. हुशार प्रेक्षक अर्ध्या सिनेमातच ओळखायचे. "शेवट फोडता हो तुम्ही!" तो ओरडायचा. बाई म्हणायच्या, "कान उघडे ठेवले तर आयुष्यातलाही शेवट असाच फुटतो."

क्लब चालवायचा सेवेरिन. बाईंचाच शाळेतला विद्यार्थी. शाळेत असेपर्यंत त्याला त्या 'तू' म्हणत होत्या, शेवटची परीक्षा पास झाला त्या दिवशी हात मिळवून म्हणाल्या, "अभिनंदन, सेवेरिनराव. आता तुम्ही मोठे झालात." बिचाऱ्याला रडू आलं होतं म्हणे. तेव्हापासून दोघांचं अहोजाहो. माझंही बाईंशी अहोजाहोच, आणि आम्ही तर रोज एका पावातून अर्धा अर्धा खायचो.

बाईंचा नवरा लवकर गेला होता. एक मुलगी, क्लेमेंतिना. ती एका उन्हाळ्यात व्हिएन्नाला हॉटेलात भांडी घासायला म्हणून गेली. इकडे डिसेंबरात लष्करी कायदा लागला, रस्त्यावर रणगाडे आले, सीमा बंद झाल्या, आणि पोरगी तिकडेच राहिली. तिकडेच लग्न, तिकडेच बाळ. नात झाली, लिओनी नाव. बाईंनी पासपोर्ट मागितला तर नकार. पुन्हा मागितला, पुन्हा नकार. पळून गेलेल्या पोरीच्या आईला कोण सोडतंय? फोटो तेवढा होता. बाई तो माझ्या कोटांच्या खोलीत बसून बघायच्या, कारण घरी एकटीनं बघवत नाही म्हणायच्या.

आणि मग आला गुप्त पोलिसांचा कॅप्टन रोमुआल्द.

पहिल्यांदा माझ्याकडे आला. गोरा, गुळगुळीत दाढी, बोलणं असं गोड की दात किडावेत. ओळखपत्राचा कोपरा दाखवला आणि माझ्या कट्ट्यावर रेलून म्हणाला, "बाई, मी इथं साहेब म्हणून नाही, माणूस म्हणून आलोय." मग हळूच, "तुमच्या हातात शहरातले सगळे कोट. कुणाच्या खिशात कागद फुगलेले असतात, एवढंच कधीमधी कळलं तर..."

मी त्याचा कोट हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या कोटाची नाडी तुटलीय. घेता येणार नाही."

"आत्ता तर होती!"

"होती. आता नाही." मीच तोडली होती, त्याच्या डोळ्यांदेखत. त्याच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या म्हणता!

माझं काय, मला पोर ना बाळ, पासपोर्ट घेऊन मी कुठं जाणार होते? माझी नाडी तोडायला त्याला जागाच सापडेना. बाईंची मात्र सापडली.

त्यानं त्यांना कॅफेत बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्याकडे आल्या, कोट न काढताच बसल्या. मी कांद्याचा गरम पाव आणला होता, तो अर्धा मोडून हातात दिला. तो तसाच धरून त्यांनी सगळं सांगितलं.

काचेच्या पेल्यात कॉफी आली, चॉकलेटचा केक आला, आणि कॅप्टन म्हणाला, "झेनोबियाबाई, मी इथं साहेब म्हणून नाही, माणूस म्हणून बसलोय."

"मग माणसासारखं सांगा काय हवंय ते," बाई म्हणाल्या. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

"नात कशी आहे? दात येत असतील आता. आजीनं बघायला हवेत ते दात." मग त्यानं केकचा तुकडा तोडला. "या उन्हाळ्यात जाऊ शकता तुम्ही. माझ्या हातात आहे. बदल्यात महिन्यातून एकदा अशीच कॉफी. सिनेमा संपल्यावर चर्चेत कोण काय बोलतं, सेवेरिन कुणाला भेटतो, एवढंच. त्याची काळजी करू नका हं. तोही याच खुर्चीवर बसतो. तुमच्याबद्दल सांगतो. परवाच सांगत होता, आमच्या शहरातल्या पक्षाच्या सेक्रेटरीसाहेबांना तुम्ही 'ओलं बिस्कीट' म्हणता. छान आहे."

लगेच त्यानं कोन्याक दारूचे दोन पेले मागवले, एक त्यांच्यासमोर ठेवला आणि स्वतःचं कोपर पुढं केलं. "आता हे अहोजाहो पुरे. मी रोमुआल्द."

हे ऐकताना माझ्या हातातला पाव खाली पडायचा राहिला. "त्यानं विचारलं? तुम्हाला?"

"हो ना. मी त्या कोपराकडे बघतच राहिले. म्हटलं, कॅप्टनसाहेब, वय काय तुमचं? म्हणे चौतीस. म्हटलं, मी तुमच्या आईच्या वयाची, आणि वर बाई. 'तू' म्हणायचं का, हे विचारायचं कुणी, ते तुमच्या आईनं शिकवलं नाही वाटतं. लाल झाला. कोपर घेतलं आत. म्हणाला, गुरुवारपर्यंत विचार करा."

"झालं तर मग! चांगली हाणलीत की!"

"कुठली हाणली?" बाई म्हणाल्या. "कोपराला नाही म्हटलं मी. बाकीच्याला नाही म्हटलंच नाही. तोंडातून शब्दच फुटेना, ब्रोन्याबाई. डोळ्यांसमोर ते दात."

दगडाखाली हात त्यांचा होता, माझा नव्हता.

मग त्याच म्हणाल्या, "ओलं बिस्कीट मी दोघांनाच सांगितलं होतं. सेवेरिनरावांना आणि तुम्हाला."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे? म्हणजे मी सांगितलं की काय त्या गुळगुळीत माकडाला?"

"तुम्ही किंवा ते. सिनेमात असते तर मी आता तुम्हा दोघांच्या मागं माणूस लावला असता."

"आणि खऱ्यात?"

"खऱ्यात पाव खा. गार होतोय."

"नाही, आधी याचा निकाल लावा! अहो, तुमची कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत जाते, माईकची सवय. ते बिस्कीट तुम्ही इथं उभ्या राहून मला सांगितलंत तेव्हा कट्ट्यापलीकडे कोटांसाठी अर्धं शहर ताटकळत होतं!"

"तसं असेल. नसेलही." बाई हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. "मला शोधायचंच नाहीये. त्यांना तेच हवंय, की मी घरी बसून शोधत राहावं. एवढे सिनेमे सांगितले मी. माणूस गोळीनं मरत नाही त्यात. याचा संशय घेऊ की त्याचा, यातच मरतो. सेवेरिनरावांवर माझा विश्वास आहे, तुमच्यावर आहे, संपलं. तो पुरावा मागून ठेवलेला नाही, मग पुरावा दाखवून कसा जाईल?"

"मग व्हिएन्ना?"

त्यांनी उरलेला पाव कागदात गुंडाळला आणि त्या गेल्या. गुरुवारपर्यंत मला नीट झोप नाही. खरं सांगते, हो म्हणाल्या असत्या तरी मी त्यांना दोष दिला नसता. शिव्या दिल्या असत्या, पण दोष दिला नसता.

गुरुवारी हॉल गच्च. इंग्रजांचा हेरांचा सिनेमा होता. कॅप्टन आला, कोट माझ्या कट्ट्यावर ठेवला. नवी नाडी, दुहेरी शिवलेली. मी मुकाट्यानं घेतला आणि बिल्ला दिला. तो मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसला. सेवेरिन मागं, यंत्राजवळ. मी नेहमीसारखी दारात.

सिनेमा साधाच होता. कुठल्यातरी धुक्यातल्या शहरात एक म्हातारी विधवा, पियानो शिकवणारी. एक तरुण अधिकारी तिला कॅफेत भेटतो आणि आपल्या कामाला लावू बघतो. तो बसला, हातमोजे काढले, इंग्रजीत काहीतरी बोलला. आणि बाईंचा तो इस्त्री केलेला आवाज आला:

"बाई, मी इथं साहेब म्हणून नाही, माणूस म्हणून बसलोय."

आधी तिसऱ्या रांगेतला दातांचा डॉक्टर फिस्सकन हसला. मग खिडकीजवळची लायब्ररीतली बाई. मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी. मीही हसले, तोंडावर हात दाबून. अगो बाई, म्हणजे हे वाक्य या सगळ्यांनी ऐकलंय तर! मेल्याला एकच वाक्य पाठ होतं.

मफलरवाला उठून ओरडला, "अहो, तो असं म्हणत नाहीये! मला इंग्रजी येतं!"

"गप बसा हो!" डॉक्टर म्हणाला. "तो असंच म्हणतो. आम्ही ऐकलंय."

हॉल हशानं फुटला. बाई मात्र थांबल्या नाहीत. पडद्यावरचा अधिकारी ओठ हलवत होता आणि बाई सांगत होत्या, "नात कशी आहे? दात येत असतील. तुम्हाला पासपोर्ट मिळेल. महिन्यातून एकदा फक्त कॉफी." पुन्हा हशा. मग, "आणि तुमच्या मित्राची काळजी करू नका. तोही याच खुर्चीवर बसतो. तुमच्याबद्दल सांगतो."

इथं हसणं थांबलं. कुणीतरी गळा धरावा तसं थांबलं. लोक हळूहळू एकमेकांकडे बघायला लागले, नवरा बायकोकडे, डॉक्टर शेजारच्याकडे. कॅप्टननं प्रत्येकाला कुणाचं ना कुणाचं नाव सांगून ठेवलेलं. कितीक दिवस हे विष पोटात घेऊन ही माणसं एका रांगेत बसत होती, विचार करा! माझा संताप संताप झाला.

तेव्हा मागून यंत्राजवळून सेवेरिनचा आवाज आला. "मला हेच सांगितलं. झेनोबियाबाई सगळं कळवतात म्हणून. मी म्हटलं, बाई तर सिनेमातल्या बाईलाही फुकट तू म्हणत नाहीत, तुम्हाला काय कळवणार!"

"मला माझ्या भावाचं नाव सांगितलं," कुणीतरी म्हणालं.

"मला तुमचं!" लायब्ररीवाली डॉक्टरवर ओरडली. "आणि मी दोन महिने तुमच्याकडे दाढ दाखवायला आले नाही, मूर्खासारखी!"

पडद्यावर त्या अधिकाऱ्यानं साखर घ्यायला हात पुढं केला, कोपर टेबलावर आलं. बाईंना तेवढंच पुरलं. "आता हे अहोजाहो पुरे. मी रोमुआल्द."

चौतिशीतला पोरगा म्हाताऱ्या बाईपुढं कोपर करतोय! "शी!" असा एक आवाज सगळ्या हॉलमधून आला. मागच्या सगळ्यावर नव्हता आला एवढा. पासपोर्टचं, हेरगिरीचं आम्ही हसून घेतलं, पण हा अडाणीपणा कुणाला सहन होईना.

पडद्यावरची विधवा बोलायला लागली, आणि बाईंच्या आवाजाची इस्त्री मोडली. मी तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. "नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या नातीचे दात मी बघणार नाही. बघू नका म्हणालात तर नाही बघणार. रडेन, पण तुमच्यासमोर नाही. माझी माणसं मी तुम्हाला देणार नाही. तुम्ही मला अहोच म्हणायचं, कॅप्टनसाहेब, आणि मीही तुम्हाला मरेपर्यंत अहोच म्हणणार."

खरं म्हणजे ती पडद्यावरची विधवा मान डोलवत होती. हो म्हणत होती ती! पुढचा अख्खा सिनेमा ती त्यांच्यासाठी हेरगिरी करत फिरली, आणि आम्हाला काही केल्या कळेना की नाही म्हणून सांगितलेली बाई हे काय करतेय. बाईंनी बाकीचं सगळं चोख सांगितलं, इस्त्रीच्या आवाजात. कुणाला फिकीर नव्हती.

कॅप्टन मध्येच उठला आणि माझ्याकडे आला. "कोट."

"बिल्ला?"

खिसे चाचपले त्यानं. बिल्ला नव्हता. अंधारात कुठंतरी पडला असणार. खाई त्याला खवखवे, तेच खिसे पुन्हा पुन्हा उलटे करत राहिला.

"बिल्ला नसेल तर सगळ्यांचे कोट जाईपर्यंत थांबायचं," मी म्हणाले. "जो शेवटी उरेल तो तुमचा. नियम आहे. भिंतीवर लिहिलाय, वाचा."

"बाई, तुम्हाला माहितीय मी कोण आहे?"

"माहितीय की. माणूस. तुम्हीच सांगितलंत."

उभा राहिला. काय करेल? बाहेर कडाक्याची थंडी. सिनेमा सुटला आणि सगळा हॉल त्याच्यासमोरून आपापला कोट घेऊन गेला. एकेक जण टोपी उचलून "येतो हं, कॅप्टनसाहेब," म्हणायचा. मी कोट देताना मुद्दाम वेळ लावला, प्रत्येकाची बाही सरळ करून दिली. शेवटी तो आणि त्याचा कोट उरला. दुहेरी शिवलेली नाडी होती ना, ती तुटता तुटेना, नाहीतर पुन्हा तोडली असती.

त्याची पुढं बदली झाली. हसं झालेला माणूस त्यांना काय कामाचा? त्याच्या जागी दुसरा आला, त्याला वाक्यं तरी वेगळी पाठ होती. पण बाईंनाही सोडलं नाही. भवनाच्या संचालकानं सांगितलं, तुमच्या घशाला विश्रांतीची गरज आहे. माईक दुसऱ्याला द्यायचा ठरला. पासपोर्टला पुन्हा नकार, यावेळी असा की परत मागूच नये.

आणि सेवेरिन? त्याला म्हणाले, क्लब तुमचाच आहे, फक्त आवाज बदला. तो म्हणाला, आवाज बदलणार नाही. बंद तर बंद. क्लब गेला, नोकरी गेली. दूर एका खेड्यात शाळेवर गेला, तिथं पोरांना व्याकरण शिकवायला.

जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला आला. माझ्या खोलीत, कोटांच्या मधे. बाईंनी पिशवीतून चेरीच्या दारूची बाटली काढली. मी तीन पेले मांडले. बाईंनी कोपर पुढं केलं, सेवेरिनपुढं. "मोठी मी आहे, म्हणून मीच विचारते. मी झेनोबिया."

त्याला नाव उच्चारता येईना. लहानपणापासूनची सवय. दोनदा 'बाई' म्हणाला आणि दोनदा बाईंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही काय बघत बसलाय? तुमचंही कोपर द्या." मी म्हटलं, मी काय गमावलंय तुमच्यासाठी? म्हणाल्या, "गुरुवारपर्यंतची झोप." हरामखोर म्हातारी! मी रडले आणि प्यायले.

मग वर्षं गेली. झेनोबिया घरी इंग्रजी शिकवायची, शिकवणीला गर्दी. व्हिएन्नाहून फोन यायचा तेव्हा मधे मधे खटखट व्हायची, आणि ती मोठ्यानं म्हणायची, "ऐकणाऱ्यांनाही नमस्कार हो!" लिओनी फोनवर बोलायला लाजायची. पहिला दात पडला तेही फोनवरच कळलं. त्या दिवशी झेनोबिया माझ्याकडे आली, तो जुना फोटो बघत बसली आणि गेली.

शेवटी ते सरकार पडलं. सीमा उघडल्या, आणि उन्हाळ्यात क्लेमेंतिना पोरीला घेऊन लुब्लिनला आली. मी आणि झेनोबिया स्टेशनवर. झेनोबियानं नवा ब्लाउज घातलेला, हातात पेओनीची फुलं, आणि बोलणं असं अखंड की मला म्हणावं लागलं, अगं, श्वास घे.

गाडी आली. क्लेमेंतिना उतरली, आईच्या गळ्यात पडली, दोघी एकमेकींना सोडेनात. मग तिनं मागं उभ्या असलेल्या पोरीला पुढं केलं. सहा वर्षांची, दोन वेण्या, पुढचे दोन दात नाहीत. पोलिश तिला आईनं शिकवलेलं, अगदी नेमकं, पुस्तकातलं. तिनं गुडघा किंचित वाकवला आणि म्हणाली, "नमस्कार बाई. तुम्ही कशा आहात?"

माझ्या काळजात चर्र झालं. 'बाई'! तिकिटं तपासणाऱ्या बाईला म्हणावं तसं. क्लेमेंतिनाचा चेहरा पांढरा. मी ओरडले, "अगं पोरी, आजी आहे ही तुझी! आजीला कुणी अहो म्हणतं का?"

"ओरडू नकोस तिला," झेनोबिया म्हणाली. हातातली फुलं तिनं माझ्याकडे दिली. "बरोबर बोलली ती. मला ओळखत नाही, तर दुसरं काय म्हणेल?" मग ती त्या फलाटावर, नव्या ब्लाउजात, पोरीसमोर गुडघ्यावर बसली आणि कोपर पुढं केलं. "मोठी मी आहे, म्हणून मी विचारते. मी झेनोबिया. मला तू म्हणशील?"

पोरगी विचार करत राहिली. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, त्या कोपराकडे बघितलं. मग हात पाठीमागे घेतले आणि म्हणाली, "नको. अजून नाही. मी तुम्हाला ओळखत नाही."

क्लेमेंतिना रडायला लागली. आणि झेनोबिया? झेनोबिया हसली. असं हसली की हमालांनी गाड्या थांबवल्या. "माझी नात!" ती सगळ्या स्टेशनला ओरडून सांगत होती. "बघा, ही माझी नात आहे! हिला कुणी विकत घेऊ शकणार नाही!"

ट्रॉलीबसमध्ये लिओनी आईजवळ बसली. झेनोबिया माझ्याशेजारी खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि घर येईपर्यंत तिनं ते तोंड एकदाही आत वळवलं नाही.